पुडी संपते, बिडी विझते, पण हे यंत्र?

‘डिस्पोजेबल, पण रिफिल करता येणारं, जास्त क्षमतेचं वेप रोजच्या वापराला कसं आहे?’ हल्ली तरुण मुलं मला हा प्रश्न सरळ विचारतात. पूर्वी हा विषय नागपूर-पुण्याच्या हॉस्टेलपुरता होता. आता बपेऱ्यासारख्या, तुमसर तालुक्याच्या टोकाला मध्य प्रदेशच्या सीमेवर वसलेल्या गावातल्या मुलाच्या मोबाईलवरही त्याच रील्स येतात. कुणाचा भाऊ दुबईहून येताना एखादं घेऊन येतो, कुणाचा मित्र मागवून देतो म्हणतो.

‘हराम आहे, विषय संपला’ एवढं उत्तर देता येईल. पण त्याने मुलगा गप्प बसतो आणि यंत्र त्याच्या खिशातच राहतं. म्हणून आज या यंत्राकडे, विकणारा जसं बघायला सांगतो तसंच, म्हणजे रोजच्या वापराची वस्तू म्हणून बघू या.

आधी नावातली गंमत. डिस्पोजेबल म्हणजे वापरून फेकायचं, रिफिल म्हणजे पुन्हा भरायचं. मग दोन्ही एकत्र कसं? याचं उत्तर ब्रिटनमध्ये आहे. तिथे २०२३ मध्ये दर आठवड्याला सुमारे ५० लाख एकदाच वापरायची वेप कचऱ्यात जात होती असा अंदाज होता. १ जून २०२५ पासून तिथे अशा वेपच्या विक्रीवर बंदी आली. चार्ज करता येतं आणि पुन्हा भरता येतं, त्या यंत्रांना मुभा राहिली. कंपन्यांनी मग चार्जिंगचं भोक आणि जोडीला द्रवाची छोटी टाकी दिली. पण स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांत आतली तापणारी तार आणि तिच्याभोवतीचा कापूस बदलता येत नाही. तो करपला की जळका वास येतो आणि टाकी भरलेली असो वा रिकामी, अख्खं यंत्र फेकावं लागतं. म्हणजे रिफिल हा शब्द बहुतेक वेळा जाहिरातीपुरता.

आता क्षमता. ब्रिटन आणि युरोपात टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटीन प्रत्येक मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. हिशेब सोपा आहे : २ गुणिले २०, म्हणजे ४० मिलिग्रॅम. ढोबळमानाने ते २० सिगारेटींच्या बरोबरीचं धरतात. ‘जास्त क्षमता’ म्हणजे २ मिलिलिटरची टाकी आणि जोडीला १० मिलिलिटरचा साठा. तीच तीव्रता धरली तरी २४० मिलिग्रॅम होतात, म्हणजे सुमारे १२० सिगारेटी. आणि डबीवर ‘५ टक्के’ असं लिहिलेलं असेल तर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. १२ मिलिलिटरमध्ये ६०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३०० सिगारेटींचा माल एका मुठीत.

एवढं निकोटीन घशाला टोचत कसं नाही? कारण त्यात निकोटीन सॉल्ट असतं. निकोटीनमध्ये बेंझोइक ॲसिडसारखं आम्ल मिसळलं की त्याचा जहालपणा घशाला जाणवत नाही. पहिल्यांदा बिडी ओढणारा खोकतो, त्याचं शरीर त्याला सावध करतं. इथे आंब्याची किंवा पुदिन्याची चव येते आणि शरीराची ती सूचना गप्प केली जाते. बाहेर पडते ती साधी पाण्याची वाफही नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि निकोटीन यांचे ते सूक्ष्म थेंब असतात. तार फार तापली तर त्यात फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थही तयार होतात.

रोजच्या वापरातला खरा फरक मात्र माझ्या मते वेगळाच आहे. आपल्याकडच्या जुन्या व्यसनांना शेवट असतो. खर्ऱ्याची पुडी संपते. बिडी तर न ओढल्यास आपोआप विझते. पुन्हा हवी असेल तर उठावं लागतं, दहा रुपये काढावे लागतात, पानठेल्यापर्यंत चालत जावं लागतं. त्या चालण्यात माणसाला ‘आज ही चौथी’ असा हिशेब लागतो. या यंत्राला शेवट नाही. अभ्यास करताना दोन झुरके, व्हिडिओ बघताना चार, पांघरुणात आणखी सहा. वास राहत नाही म्हणून अम्मीला कळत नाही, राख पडत नाही म्हणून स्वतःलाही कळत नाही. जितकी क्षमता मोठी तितकं थांबण्याचं निमित्त कमी. ज्याला विकणारा सोय म्हणतो, तोच या वस्तूचा सर्वांत मोठा दोष आहे.

बाकीचे दोष लहान वाटतात, पण आपल्याकडे ते लहान राहत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा पॅंटच्या खिशात लिथियमची बॅटरी ठेवणं शहाणपणाचं नाही. गरमीने द्रव पातळ होतो आणि गळतो. रिफिलची बाटली घरात पडलेली असते, तिला मिठाईसारखा वास असतो आणि घरात लहान मुलं असतात. निकोटीनचा द्रव थोडासा जरी लहान मुलाच्या पोटात गेला तरी जिवावर बेतू शकतं. आणि यंत्र संपल्यावर ते टाकायचं कुठे? ई-कचऱ्याचे आणि बॅटरीच्या कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात की वस्तू बनवणाऱ्याने ती परत घेण्याची जबाबदारी उचलावी. पण ज्या वस्तूवर देशात बंदी आहे तिचा जबाबदार उत्पादक कागदावर कुणीच नाही. ती जाणार गावाच्या उकिरड्यावर, नाहीतर नाल्यातून वैनगंगेत.

आता कायदा. १८ सप्टेंबर २०१९ पासून भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. आधी अध्यादेश आला, मग त्याच वर्षी संसदेने कायदा केला. निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून श्वासात घेण्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र या कायद्याखाली येतं. ई-हुक्काही येतो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सीमेवरच्या गावांत ‘पलीकडे चालतं’ असं म्हणायची सवय असते. इथे ती पळवाट नाही. कायदा केंद्राचा आहे, बालाघाट जिल्ह्यातही तोच लागू आहे.

कायद्यात ‘ओढणं’ हा वेगळा गुन्हा म्हणून लिहिलेला नाही, हे खरं. पण आपल्या मुलांचं काय होतं ते बघा. स्वतःसाठी एक मागवताना मित्र म्हणतो, ‘माझ्यासाठीही सांग.’ पाच जणांचे पैसे गोळा होतात, पाच नग येतात, प्रत्येकी शंभर रुपये सुटतात. त्या मुलाला वाटतं आपण दोस्ती निभावली. कायद्याच्या भाषेत ती विक्री, वाटप आणि साठवण आहे. सौदीहून, दुबईहून सामानात घालून आणलेलं यंत्र ही आयात आहे. आपल्या वस्तीतल्या मुलावर एक गुन्हा नोंदला गेला की पासपोर्ट, पोलीस भरती, नोकरीची चारित्र्य पडताळणी या प्रत्येक दारात तो त्याच्या आधी पोहोचतो. आंब्याच्या चवीसाठी ही फार मोठी किंमत आहे.

इथे एक हुशार मुलगा मला अडवतो. ‘सर, सिगारेट चालते, बिडी चालते, आणि कमी घातक वेपवर बंदी? आयटीसीमध्ये तर सरकारी एलआयसीचेच पैसे आहेत.’ त्याच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सरकारच्या तंबाखू धोरणात ढोंग आहे. सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून वेप घेतलं तर त्याच्या शरीरात जाणारे जळणाचे विषारी पदार्थ खूप कमी होतात, हेही खरं. कॉक्रेनच्या आढाव्यानुसार सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनची वेप ही गम आणि पट्टीपेक्षा जास्त लोकांना उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये तर सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना ती सुचवते.

पण हा युक्तिवाद आपल्याला लागू होतो का? तो आहे सिगारेट ओढणाऱ्यासाठी, प्रमाण ठरवून दिलेल्या, तपासलेल्या मालासाठी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले, आणि तोंडात तंबाखू ठेवणारे २४.४ टक्के. आपलं दुखणं धुराचं कमी आणि खर्ऱ्याचं जास्त आहे. खर्रा सोडण्यासाठी वेप घेतलेला माणूस मी पाहिला नाही. जे मला दिसतात ते काहीच न ओढणारे, अठरा-वीस वर्षांचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यासाठी ‘कमी घातक’ या शब्दाला अर्थच नाही, कारण त्यांच्या बाबतीत तुलना सिगारेटशी नाही, मोकळ्या फुप्फुसांशी आहे. आणि आपल्याकडे येणारा माल चोरट्या वाटेने येतो. त्यात किती निकोटीन आहे, आणखी काय आहे, हे सांगणारा कुणी नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेपमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातला मोठा भाग अनौपचारिक बाजारातून घेतलेल्या, गांजाचा अर्क आणि व्हिटॅमिन ई ॲसिटेट असलेल्या द्रवाचा होता. कोणी भरलं हे माहीत नसलेली बाटली फुप्फुसात ओतायची नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो.

दीनचा प्रश्नही मुलं विचारतात. ‘धूर नाही, वाफ आहे, मग रोज़ा तुटतो का?’ जाणूनबुजून आत घेतलेल्या वाफेने सिगारेटप्रमाणेच रोज़ा तुटतो, असंच बहुतेक उलेमा सांगतात. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २०१५ मध्ये आणि इंडोनेशियातल्या मुहम्मदिया या मोठ्या संघटनेने २०२० मध्ये वेप हराम ठरवलं. पण माझं म्हणणं असं की आपण फतव्याची वाट बघत बसू नये. स्वतःला इजा करू नये, दुसऱ्याला करू नये, पैसा उधळू नये, एवढं तर मदरशातलं लहान मूलही शिकतं. त्यापुढची अक्कल अल्लाहने आपल्याला दिलेलीच आहे.

आणि ती अक्कल वापरायची तर सगळीकडे वापरावी लागेल. शादीच्या मांडवात खर्ऱ्याच्या पुड्या आणि पान ताटात फिरवायचं आणि जुम्म्याच्या बयानात फक्त वेपवर बोलायचं, हे मुलांना दिसतं. मुलाच्या खिशात सापडलं तर ‘वय आहे, सुटेल’ आणि मुलीच्या पर्समध्ये सापडलं तर तिचं कॉलेज बंद, हेही त्यांना दिसतं. फुप्फुसाला जात नसते, धर्म नसतो आणि लिंगही नसतं. नियम एकच हवा.

भंडारा-गोंदियात तंबाखूवर बोलताना आणखी एक गोष्ट लपवता येत नाही. या पट्ट्याने बिडीवर पोट भरलं आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारे हात आणि घरात सूप मांडीवर घेऊन हजाराच्या हिशेबाने बिड्या वळणाऱ्या बाया आपल्याच आहेत. त्यात दलित आहेत, आदिवासी आहेत, मुस्लिम आहेत. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणाऱ्या कामठीच्या बाबू हरदास यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली ती याच शोषणाविरुद्ध. तेव्हा बिडीला शिव्या देताना बिडी वळणारीला शिव्या द्यायच्या नाहीत. तिच्या मुलीला दुसरं काम मिळावं ही मागणी तंबाखूविरोधाइतक्याच जोराने करायची. वेपचं मात्र तसंही नाही. त्याने आपल्या एकाही घराची चूल पेटत नाही. पैसा बाहेर जातो, गुन्हा इथे राहतो.

बंदीने सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, पानठेल्यावर आज काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. कायदा माल अडवतो, तोही थोडाफार. इच्छा अडवायला माणसं लागतात. म्हणून माझ्या तरुण वाचकांना चार गोष्टी सांगतो. स्वतःसाठी घेऊ नका आणि मित्रासाठी तर अजिबात मागवू नका. आखातातून येणाऱ्या भावाला आधीच फोन करून सांगा की हे आणू नको. आपल्या मोहल्ल्यातल्या पुढच्या शादीत खर्रा फिरणार नाही असं घरात बोलून बघा; भांडण होईल, होऊ द्या. आणि जो आधीच अडकला आहे त्याला लाजवू नका. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर त्याला द्या. पहिला फोन लावताना त्याच्या बाजूला बसा. तलफ आली की त्याच्यासोबत नदीपर्यंत चालत जा. तलफेची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी सोबत असणं पुष्कळ असतं.

तर या यंत्राबद्दल माझा निकाल असा : वस्तू म्हणून टिकत नाही, व्यसन म्हणून संपत नाही, आणि पकडली गेली तर किंमत विकत घेणाऱ्या पोरानेच मोजायची. असा सौदा आपल्या बाजारात कुणीही करणार नाही. तुम्हीही करू नका.