पाचट जाळू नका, मखर करा

आपल्या बारामती-इंदापूर भागात ऊस तुटला की पुष्कळ जण पाचट पेटवून देतात. मला हे पटत नाही. शेतात कुजवलं तर त्याचं खत होतं. थोडं मखरासाठी ठेवावं. धिंगरी अळंबी पाचटावर वाढते. तिचे पांढरे धागे भुसा घट्ट बांधतात. भुसा साच्यात भरला, की तसाच आकार होतो. मग भट्टीत तापवून वाळवायचा, म्हणजे बुरशी मरते. न्यूयॉर्कला २०१४ साली मक्याच्या धाटांचा भुसा घेऊन अशा सुमारे १०,००० विटा केल्या आणि उंच मनोरा बांधला. मका तर आपल्याकडं पण आहे की! थर्माकोलच्या सजावटीला आपल्या राज्यात २०१८ साली बंदी झाली. आई म्हणते, देवाजवळ बुरशी नको. पण अळंबीची भाजी चालते, मग मखर का नको?