आखणीचा हात

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात शिक्षाधीन बंदी शाडूच्या गणेशमूर्ती घडवतात; नाशिककर त्या विकतही घेतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखून धरावा लागतो, रागाने थरथरत्या हाताला ती साधत नाही. शिवाय मजुरी पदरात पडते. वाशीमसारख्या जिल्हा कारागृहांत मात्र भरणा न्यायाधीन बंद्यांचा. त्यांना कामाची सक्ती नसते, मग दिवस पुढच्या तारखेची वाट पाहण्यात सरतो. गुन्हा शाबीत झालेल्याला काम आणि न झालेल्याला नुसत्या भिंती, हा न्याय अजब आहे. पोहरादेवी हे बंजारा श्रद्धास्थान असलेल्या वाशीम जिल्ह्यात तांड्यातांड्यांवर बंजारा कशिद्याचे जाणकार आहेत; त्यांनी कारागृहात येऊन या बंद्यांना शिकवावे. सुई आत नेणे अडचणीचे असेल, तर माती, रंग, मृदंग आहेतच. जिल्हा नियोजन समितीने त्यासाठी मानधनाची तरतूद करावी.