सगळेच देवदार नसतात!

मे महिन्यात सिमला-मनालीला गेले, की सुईसारख्या पानांचे प्रत्येक उंच झाड आपल्या मंडळींना देवदारच वाटते. मैत्रिणींनो, पाने आणि शंकू जरा निरखून पाहिले, तर ही झाडे चटकन ओळखता येतात. शिवाय त्यांतले एक झाड मुलाबाळांच्या आयांना ठाऊक हवेच.

प्रथम सुया मोजा. वीतभर लांब अशा तीन-तीन सुयांचा जुडगा असेल, तर तो चीड. काल्क्याहून वर चढताना आधी तोच भेटतो. जुडग्यात पाच सुया आणि लांबट, लोंबते शंकू दिसले, की ते कैल.

देवदाराच्या सुया आखूड, इंच-दीड इंचाच्या. जुन्या डहाळीवर त्यांचे वीस-तीसचे झुबके असतात. त्याचे शंकू पिंपासारखे नि फांदीवर उभे. ते झाडावरच सुटे होतात, म्हणून खाली अख्खा शंकू सहसा सापडत नाही. सापडतो तो त्याचा शेंडा, अगदी लाकडी गुलाबासारखा!

सुया जुडग्याने नसून एकेकट्या असतील, तर एक सुई वात वळतो तशी बोटांत फिरवा. सहज फिरली तर ती चौकोनी, म्हणजे झाड राई. त्याचे शंकू खाली लोंबतात. चपटी असून फिरली नाही आणि शंकू उभे असले, तर तोस.

आता थुनेर. हिमाचलात याला रखाल म्हणतात. पाने तोससारखीच चपटी, पण शंकू नाहीत. त्याऐवजी इवल्या लाल, रसाळ वाटीत एक बी. मुलांना ते बोरासारखे वाटते, पण बी आणि पाने विषारी असतात. त्यांचा परिणाम थेट हृदयावर होतो. मुलाने तोंडात घातलेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका, उलटीही काढू नका. लगेच डॉक्टर गाठा आणि त्या झाडाची डहाळी सोबत न्या.

कर्करोगावरचे टॅक्सॉल हे औषध याच कुळातल्या झाडांपासून मिळते. साली-पानांसाठी बेसुमार तोड झाल्याने, सावकाश वाढणारा हा थुनेर आता दुर्मीळ झाला आहे. तेव्हा एरवी फांदी मोडू नका. खाली पडलेल्या सुया नि शंकू वेचा, वहीत चिकटवा आणि मुलांकडूनच नावे लिहून घ्या. सुट्टीतला अभ्यास म्हणून कुरकुर व्हायची नाही!