काढून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

वाङ्मय मंडळाच्या बैठकीत "अंकासाठी तू काय देणार?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "थर्मोस्टॅट." आधी कुणाला कळलंच नाही, मग दोन मिनिटं हशा झाला. साहित्याची विद्यार्थिनी, कवितेवर लिहील असं सगळ्यांना वाटलं होतं. कवितेवर पुढच्या अंकात लिहीन. या वेळी गाडीवरच लिहायचं आहे, कारण गेल्या महिन्यात एका छोट्याशा पार्टने मला जे शिकवलं ते मला वर्गात इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं.

आमच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. पप्पांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी बालवाडीत होते. मम्मी नर्स आहे. तिची सकाळची ड्युटी असली की पहाटे सहाला पप्पा तिला सोडायला निघतात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. गाडी चालू व्हायची, पण गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत धडधडायला लागायची. चोक ओढून ठेवला तर चालायची, आत ढकलला की बंद. जानेवारीत एकदा ती भर चौकात बंद पडली. मागे उसाने भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे कर्णकर्कश हॉर्न. मम्मी उतरली आणि रिक्षा करून गेली. रात्री जेवताना पप्पा म्हणाले, "देऊन टाकूया आता. भंगारवाला काय देईल ते देईल."

मला वाईट वाटलं. नवी गाडी घेण्याची आमची ऐपत नाही, हे एक कारण. गाडी गेली म्हणजे मम्मीला रोज पहाटे रिक्षा, हे दुसरं. म्हणून रविवारी मिस्सेहून येताना मी पुढच्या सीटवर बसून गाडीकडे जरा नीट बघितलं. तेव्हा लक्षात आलं की तापमानाचा काटा 'सी' या अक्षराजवळच झोपलेला आहे. अर्धा तास गाडी चालवली तरी तो हलत नाही. गंमत म्हणजे या काट्याचं आमच्या घरात कौतुक होतं. "बघ, एवढी जुनी गाडी, पण इंजिन कसं थंडगार," असं पप्पा पाहुण्यांना सांगायचे.

इथेच आमची चूक होती. इंजिन थंडगार असणं ही चांगली गोष्ट नाही.

पेट्रोलचं इंजिन नीट चालायला त्यातलं पाणी साधारण ८० ते ९० अंश सेल्सियस असावं लागतं. इंजिन थंड असलं तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक लावून जास्त पेट्रोल द्यावं लागतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. जळण्यातून तयार झालेलं पाणीही वाफ होऊन निघून जात नाही, आतच राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला फिकट, लोण्यासारखा थर दिसला तर ते याचंच लक्षण. आमच्या झाकणाखाली तो होता.

इंजिन लवकर तापावं आणि मग एका ठरावीक पातळीवर राहावं, हे काम थर्मोस्टॅट करतो. दिसायला तो पितळी बिल्ल्यासारखा, खाली स्प्रिंग. आत एक छोटी डबी आणि त्या डबीत मेण. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, म्हणजे पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि पटकन तापतं. ८२ अंशांच्या आसपास मेण वितळायला लागतं, फुगतं, दांडीला ढकलतं आणि वाट उघडते. पाणी थंड झालं की मेण आकसतं, स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते. ना वायर, ना बॅटरी.

मला वाटलं, आमचा थर्मोस्टॅट उघडा अडकून बसला असणार. बदलून टाकू. पप्पांनी एका अटीवर परवानगी दिली: शनिवारी सुरू कर, पण रविवारच्या मिस्सेला गाडी तयार पाहिजे.

काम तसं अवघड नाही, घाई मात्र चालत नाही. इंजिन पूर्ण थंड असावं लागतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, म्हणून मी शुक्रवार रात्रीपासून गाडीला हात लावू दिला नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. रेडिएटरखाली तसराळं ठेवून पाणी काढलं. कूलंट नव्हतंच, नुसतं गंजलेलं तांबूस पाणी आलं. कूलंट असतं तर ते मोरीत ओतायचं नसतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतलं कुत्रं प्यायलं तर मरेल. मग रेडिएटरचा वरचा होस पाईप इंजिनला जिथे जोडलेला असतो तिथपर्यंत गेले. तिथे दोन बोल्टवर बसवलेलं एक टोपण असतं. बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी एक बोल्ट सुटायला अर्धा तास लागला. जुना बोल्ट आतच तुटला तर सगळा शनिवार गेला असता, म्हणून थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा सैल असं करत काढला.

टोपण उचललं, आणि आत काहीच नव्हतं.

मी टॉर्च लावून बघितलं. थर्मोस्टॅट बसतो ती खाच होती, पॅकिंगचे चिकटलेले तुकडे होते, पण थर्मोस्टॅटच नव्हता. पप्पांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि मिस्त्रीमामांना फोन लावला. मिस्त्रीमामांना लगेच आठवलं. "होय, मीच काढलोय की ते. आठ वर्षं झाली असतील. अडकलं होतं, गाडी उकळायलीती. आपल्या हवेला ते काय लागत नाही बघ. थंड देशाचा पार्ट तो."

इथे माझं मत मांडायचं आहे, पण आधी मिस्त्रीमामांची बाजू सांगते, कारण ते अडाणी नाहीत. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. इंजिन भडकतं, हेडचं गॅस्केट जातं, हेड वाकतं, आणि मग खर्च हजारांत जातो. उकळलेली गाडी दारात उभी, पार्ट हाताशी नाही, गिऱ्हाइकाला संध्याकाळी घरी जायचंय. अशा वेळी थर्मोस्टॅट काढून गाडी चालू करून देणं हे शहाणपणच होतं. मीही तेच केलं असतं. चूक त्या दिवसाची नाही. चूक पुढच्या आठ वर्षांची आहे, आणि ती मिस्त्रीमामांइतकीच आमचीही आहे. तात्पुरतं केलेलं काम आम्ही कायमचं समजलो. पैसे दिले, गाडी घेऊन आलो आणि आत काय काढलं ते विचारलंसुद्धा नाही.

पण "आपल्या हवेला लागत नाही" हे मला मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅट हवेला विचारत नाही, पाण्याला विचारतो. बाहेर १५ अंश असोत की ३८, इंजिनला आतून लागणारी ऊब तीच. शिवाय थंड देशाचा पार्ट म्हणावं तर मारुती ८०० गुडगावात तयार व्हायची. डिसेंबर १९८३ मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत बनत होती. आपल्याच रस्त्यांसाठी, आपल्याच उन्हाळ्यासाठी बनवलेल्या गाडीत कंपनीने थर्मोस्टॅट घातला होता. उगीच घातला नसणार.

दुसरा गैरसमज असा की काढून टाकल्यावर गाडी उकळायची थांबते. फक्त थर्मोस्टॅटच बंद अडकला असेल तर थांबते, हे खरं. पण रेडिएटर चोंदला असेल, पंखा फिरत नसेल, झाकण दाब धरत नसेल किंवा पाण्याचा पंप गेला असेल, तर थर्मोस्टॅट काढून खरा रोग जागच्या जागी राहतो. आठ वर्षं आम्ही त्या तांबूस पाण्यावर गाडी चालवली. कदाचित त्या गंजामुळेच जुना थर्मोस्टॅट अडकला असेल. पण तेव्हा तो प्रश्न कुणी विचारला नाही, कारण अडकणारी वस्तूच उरली नव्हती.

नवा थर्मोस्टॅट चारशे रुपयांच्या आत मिळाला. बसवण्याआधी मी तो तपासला. केमिस्ट्रीच्या मैत्रिणीकडून थर्मामीटर आणला, पातेल्यात पाणी ठेवलं आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगला की तो बुडाला टेकणार नाही. मम्मी पातेल्याच्या काळजीने शेजारी उभी. ७० ला काही नाही. ८० ला काही नाही. ८२ ओलांडल्यावर केसाएवढी फट पडली, आणि ९५ पर्यंत झडप चांगली उघडली. गॅस बंद केला, तशी ती हळूहळू मिटली. मम्मी म्हणाली, "अगं, हे तर श्वास घेतंय!"

पुढचं काम सावकाश केलं. जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, अॅल्युमिनियमवर चरा पडतो आणि तिथून पाणी गळतं. मी जुन्या एटीएम कार्डाने काढलं. स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, आणि हवा जाण्यासाठी असलेली बारीक टाचणी वरच्या बाजूला. नवं पॅकिंग, टोपण, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. बॅटरी जोडली, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच गाडी चालू केली आणि आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ दिली.

मग वाट बघत बसलो. पप्पांनी वरच्या होसवर हात ठेवला. थंड. पाच मिनिटं झाली, थंडच. काटा मात्र 'सी' सोडून वर चढत होता. पप्पा म्हणाले, "नक्की उलटा बसवला नाहीस ना?" मी गप्प. आणि एकदम त्यांनी हात मागे घेतला. होस तापला होता. झडप उघडली होती. थोड्या वेळाने पंखाही फिरायला लागला. आम्ही दोघांनी झाकण लावलं तेव्हा सात वाजले होते.

आपल्या गॅरेजांत एक शब्द फार चालतो: 'डायरेक्ट'. पंख्याचा स्विच गेला? डायरेक्ट करून टाक. फ्यूज उडतो? तार लाव, डायरेक्ट. थर्मोस्टॅट अडकला? काढून टाक. गाडी चालते, म्हणून काम झालं असं वाटतं. पण ज्या वस्तू आपण अशा उडवतो त्या बहुतेक सांभाळणाऱ्या असतात. त्यांचं काम 'आता थांब' आणि 'आता जा' एवढं सांगण्याचं. त्या नसल्याचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही, म्हणून त्या फुकटच्या वाटतात.

साहित्याच्या वर्गातही आपण हेच करतो, हे मला मान्य करायला हवं. कवितेत अवघड शब्द आला की तो सोडून पुढे वाचतो, शब्दकोश उघडत नाही. मूळ पुस्तक जड वाटलं की गाईड वाचतो. मार्क पडतात, म्हणजे गाडी चालते. पण तो शब्द कवीने तिथे का ठेवला होता, हे आपल्याला कधीच कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वस्तू बिघडली तर ती बदला. तात्पुरती काढावी लागली तर काढा, पण तारीख घालून लिहून ठेवा आणि परत बसवा. आणि जिचं काम माहीत नाही तिला 'गरज नाही' म्हणण्याआधी ती तिथे कुणी आणि कशासाठी ठेवली ते विचारा. घरी जुनी गाडी असेल तर आज तिचा काटा बघा. वीस मिनिटं चालवूनही तो तळाशीच असेल तर कौतुक करू नका.

आमचा काटा आता मध्याच्या जरा खाली येऊन थांबतो. पहाटे सुरुवातीला चोक अजून लागतोच, कार्बोरेटरच्या गाडीला तो लागणार. पण चौकापर्यंत पोचता पोचता पप्पा तो आत ढकलतात आणि गाडी बंद पडत नाही. भंगारवाल्याचा विषय परत निघालेला नाही. मागच्या आठवड्यात मिस्त्रीमामा घरी आले होते. बॉनेट उघडून त्यांनी बघितलं, होसला हात लावला आणि म्हणाले, "बसवलीस होय? बरं केलीस." मग जरा थांबून विचारलं, "कुठल्या दुकानात मिळाला?"