अँटेनाचा सातबारा

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. प्रिंटआउट. तोही अँटेना ॲनलायझरच्या ग्राफचा. पण लगेच उठू नका, कारण मला जे म्हणायचंय ते मोजमाप करणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडतं. ग्राफ छापायची सोय द्यायचीच असेल, तर तो पानभर, ठरलेल्या स्केलवर आणि तारखेसकट छापता आला पाहिजे. नाहीतर ते प्रिंटचं बटण नसलेलंच बरं.

ज्यांचा हॅम रेडिओशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परीक्षा देऊन, केंद्र सरकारचा परवाना घेऊन हौशी लोक स्वतःचा वायरलेस संच चालवतात. एरवी हा छंद. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा निरोप पोचवायला हेच हौशी लोक पुढे आले होते. अशा दिवशी अँटेना चालते की नाही हे तपासत बसायला वेळ नसतो. ते आधीच माहीत असावं लागतं.

ते सांगतो ॲनलायझर. तो एकेका फ्रिक्वेन्सीवर अगदी क्षीण सिग्नल केबलमध्ये सोडतो आणि त्यातला किती परत येतो ते बघतो. त्यावरून एसडब्ल्यूआर नावाचा आकडा निघतो. १ म्हणजे काहीच परत आलं नाही, उत्तम. २ म्हणजे सुमारे ११ टक्के शक्ती परत. ३ म्हणजे २५ टक्के. फ्रिक्वेन्सी आडवी, एसडब्ल्यूआर उभा, आणि मध्ये दरीसारखी रेघ. दरीचा तळ आपल्याला हव्या त्या बँडमध्ये आला की लोक खूश होतात आणि लॅपटॉप बंद करतात.

खरी गरज तिथूनच सुरू होते. वडवणीच्या आमच्या घराच्या गच्चीवर ७ मेगाहर्ट्झची तारेची डायपोल बांधलेली आहे, साधारण २० मीटर लांब. पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी मी गावी जातो तेव्हा ती तपासतो. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. चाळिशीपार ऊन केबलचं आवरण तडकवतं आणि मग जूनमध्ये त्या फटीतून पाणी आत शिरतं.

आता तुम्हाला वाटेल, केबलमध्ये पाणी गेलं की एसडब्ल्यूआर बिघडेल आणि लगेच कळेल. होतं नेमकं उलटं! खराब केबल सिग्नल खाते. जातानाही खाते, येतानाही खाते. समजा १०० वॉट पाठवले आणि वर जेमतेम ३२ पोचले. वर अँटेना तुटून पडलेली असली तर ते सगळेच्या सगळे परत फिरतात, आणि खाली येईपर्यंत त्यातले १० उरतात. मीटरला दिसतं की १० टक्केच परत आले. म्हणजे एसडब्ल्यूआर २ च्या आत. म्हणजे 'सगळं ठीक आहे' :) अँटेना जमिनीवर आणि मीटर खूश.

मग हे पकडायचं कसं? नुसत्या आकड्याने नाही, आकाराने. केबल खराब होत गेली की दरी पसरट होते, दोन्ही बाजूंचे कडे खाली येतात. पण 'पसरट' हे कशाच्या तुलनेत? मागच्या वर्षीच्या ग्राफच्या. म्हणून मला दोन कागद हवेत, एकाच स्केलवर छापलेले. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. दोन रेघा जुळतात की नाही ते आपल्या डोळ्यांना लगेच दिसतं, त्यासाठी कसलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि इथेच बहुतेक प्रोग्रॅम दगा देतात. बरेचसे प्रोग्रॅम ग्राफ नव्याने काढतच नाहीत, स्क्रीनवरचं चित्र तसंच प्रिंटरकडे ढकलतात. मूळ नॅनोव्हीएनए या स्वस्त आणि लोकप्रिय यंत्राचा पडदा ३२० बाय २४० पिक्सेलचा. ३०० डीपीआयला छापला तर तो ग्राफ २.७ सेंटीमीटर रुंद होतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा! ताणून मोठा केला तर रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्यात मागचा पडदा काळा, रेघा रंगीत. गावातल्या झेरॉक्स सेंटरवर ते चित्र व्हॉट्सॲपवरून पाठवलं की काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरमधून बाहेर येतो काळा चौकोन आणि त्यात दोन सारख्याच राखाडी रेघा. एसडब्ल्यूआर कुठली आणि फेज कुठली, ओळखा पाहू. वर ऑटोस्केल! आज उभा अक्ष ३ पर्यंत, पुढच्या वेळी १० पर्यंत. असे दोन कागद खिडकीवर धरून काय कळणार?

अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला ग्राफपेपरच्या उजव्या कोपऱ्यात स्केल लिहायची सवय आपल्या सगळ्यांना लावली होती. लिहिली नाही तर मार्क जायचे. तीच मुलं पुढे सॉफ्टवेअर लिहितात आणि छापलेल्या ग्राफवर स्केल आणि तारीख टाकायची राहून जाते! याचं कारण मला आमच्याच धंद्यात दिसतं. प्रिंट हे रिलीजच्या आदल्या आठवड्यात उरकायचं काम समजलं जातं. डेमोला कोणी कागद मागत नाही ना.

पानभर म्हणजे किती फरक पडतो, तेही बघा. आडव्या ए४ कागदावर २४ सेंटीमीटर रुंदीचा ग्राफ आरामात बसतो. त्यात ६.८ ते ७.४ मेगाहर्ट्झ छापलं तर स्केल येते १ सेंटीमीटर = २५ किलोहर्ट्झ. दरीचा तळ २५ किलोहर्ट्झ सरकला, म्हणजे तारेच्या लांबीत जवळपास ७ सेंटीमीटरचा फरक पडला, तर तो कागदावर १ सेंटीमीटर दिसतो. तोच ग्राफ ६ सेंटीमीटरच्या चित्रात अडीच मिलिमीटर दिसेल. म्हणजे दिसणारच नाही.

'कागद कशाला? फाइल ठेव की,' असं मित्र म्हणतात. फाइल ठेवतोच. बहुतेक सॉफ्टवेअर टचस्टोन स्वरूपाची फाइल देतात. साधा मजकूर असतो, उद्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडेल. मी तीच पायथनमध्ये वाचतो आणि ग्राफ स्वतः काढतो: पांढरं पान, काळी जाड रेघ, दुसरी तुटक, अक्ष कायमचे ठरलेले, खाली तारीख, केबलची लांबी आणि आदल्या आठवड्यात पाऊस होता की नाही. पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर झेरॉक्सवाल्याला दिली की बिनबोभाट पानभर छापून येते.

पण फाइल माझ्या लॅपटॉपवर पुण्यात असते आणि अँटेना वडवणीत. उद्या मी नसताना कोणी दुसऱ्याने ती तपासली, तर त्याच्या हाताशी काय असेल? संचाशेजारी खिळ्याला अडकवलेली प्लास्टिकची फाइल. आपल्याकडे सातबारा जसा सांगतो की जमीन कुणाची आणि कुठल्या वर्षी काय पेरलं होतं, तसेच हे कागद सांगतात की तार किती लांब आणि कुठल्या साली ती कशी वागत होती.

१९३९ साली बेल लॅब्जच्या फिलिप स्मिथने जो चार्ट मांडला, तो मुळात हाताने आकडेमोड करायचा कागदच होता. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तो जर्नलमध्ये चिकटवला असेलच. त्यानंतर यंत्रं कितीतरी चांगली झाली, कागदावरचा ग्राफ मात्र तेव्हापेक्षा वाईट व्हायला काहीच कारण नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या टीममध्ये कोणी 'प्रिंट नंतर बघू' म्हणालं, तर एकच करा. स्वतःच्या प्रोग्रॅममधला एक ग्राफ गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात छापून आणा आणि मीटिंगमध्ये टेबलावर ठेवा. बाकी बोलायची गरज पडणार नाही.