तासाभरात निदान सांगा

या महिन्याच्या टपालात नाकारलेल्या क्लेमच्या पत्रांचा गठ्ठाच येऊन पडला आहे. जिल्हे निराळे, विमा कंपन्या निराळ्या, मजकूर मात्र एकाच साच्यातला. रुग्ण बायपोलरचा, मॅनियाच्या एपिसोडमध्ये दाखल झालेला, आणि केसपेपरच्या कोपऱ्यात आपल्यापैकीच कुणीतरी घाईत खरडलेले ‘गांजा प्लस’ किंवा ‘ऑकेजनल अल्कोहोल’. टीपीएला तेवढे पुरते. एक्सक्लूजन बारा : दारू, अमली पदार्थ, कोणतेही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचे उपचार विम्यात बसत नाहीत. एका सदस्याकडे तर ‘सदर आजार मद्यपानामुळे झालेला नाही’ असे प्रमाणपत्र मागितले आहे. पाच एपिसोडचा रुग्ण, त्यातले पहिले दोन दारूची चव कळण्याआधीचे. प्रमाणपत्र दिले, तरी नकार आलाच.

कायदा काय सांगतो ते आपल्याला पाठ आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारच आहेत, आणि कलम २१(४) नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर विमा द्यायचा आहे. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. ऑगस्टमध्ये आयआरडीएआयने कंपन्यांना तसे कळवलेही. पुढच्याच वर्षी याच आयआरडीएआयने एक्सक्लूजनची भाषा प्रमाणित करताना व्यसन आणि त्याचे परिणाम वगळायची मुभा दिली. संसदेने ज्याला आजार म्हटले, त्याला नियामकाने मागच्या दाराने बाहेर काढले. ‘परिणाम’ कशाला म्हणायचे, हे मात्र कुणीच लिहून ठेवलेले नाही. ते ठरवणार टीपीएच्या टेबलावरचा माणूस, ज्याने मॅनियाचा रुग्ण कदाचित कधी पाहिलेलाही नसेल.

कॅशलेसचा प्रमाणित फॉर्म काढून बघा. ‘इजा किंवा आजार नशेमुळे झाला आहे का? होय / नाही’ हा प्रश्न चक्क अपघाताच्या भागात बसवला आहे. त्याच्या जोडीला पूर्वेतिहासाच्या यादीत दारू-ड्रग्जचा चौकोन. तिसरा पर्याय नाही. आणि २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार (तारीखही नेमकी तीच!) कॅशलेसचा निर्णय तासाभरात व्हायला हवा. हाडाच्या फ्रॅक्चरला हे उत्तमच. पण डीएसएम-५ आपल्याला सांगते की नशा किंवा विथड्रॉवल ओसरल्यावर साधारण महिनाभर लक्षणे टिकतात का ते बघा, मग बोला. महिन्याचे काम तासात उरकायचे आणि तेही होय-नाहीत. दाखल होताना रुग्ण ओरडतोय, भावाने दंड धरलेत, तीन रात्री घरात कुणी झोपलेले नाही, आणि बिलिंग काउंटरवरून निरोप येतो : डॉक्टर, तेवढी खूण करून द्या.

लघवीची तपासणी जोडा म्हणतात. रोज गांजा ओढणाऱ्याची लघवी सोडल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि एमडी बाजारातल्या साध्या किटला बहुधा सापडतच नाही. म्हणजे पॉझिटिव्ह आल्याने कारण सिद्ध होत नाही आणि निगेटिव्ह आल्याने नशा खोटी ठरत नाही. हे टीपीएच्या डॉक्टरांना शिकवायचे कुणी?

आता थोडे घरचे. विमावाल्यांना हे कोलीत आपणच देतो. ‘अल्कोहोल प्लस’ ही हिस्टरी नव्हे. कधीपासून, किती, शेवटचा घोट कधी, मूड चढला तो पिणे वाढण्याआधी की नंतर, दारू सुटलेली असतानाच्या काळात एपिसोड आला होता का, घरात कुणाला बायपोलर आहे का, लिथियमवर कुणी सुधारले होते का : ही सगळी माहिती आईला नाहीतर बायकोला असते, विचारायला वीस मिनिटे लागतात. मॅनियातला माणूस दोन तास झोपून ताजातवाना उठतो. विथड्रॉवलमधला झोपेसाठी तडफडतो, पण झोप येत नाही. उत्तेजक द्रव्ये घेणारा उतरल्यावर दिवसभर पडून राहतो. हा फरक केसपेपरवर एका ओळीत मावतो. शिवाय एपिसोड चढला की पिणे वाढते, हे आपण रोज बघतो. तिथे दारू हे लक्षण आहे, हे लिहायला हात का अडतो? उलट बाजूनेही बोलले पाहिजे. चिडका, पिऊन भांडणारा दिसला की ‘बायपोलर’ लिहून व्हॅल्प्रोएट सुरू करणारेही आपल्यात आहेत. त्यांची डिस्चार्ज कार्डे वाचून टीपीएला संशय आला तर दोष कुणाचा?

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे आता नातेवाईकच सांगू लागलेत, ‘साहेब, दारूचं लिहू नका.’ आणि काही सदस्य लिहीत नाहीत. दयेपोटीच, मान्य. पण न लिहिलेली दारू चौथ्या दिवशी डेलिरियम होऊन वॉर्डात उभी राहते, आणि नाइट ड्यूटीवरचा मुलगा त्याला मॅनिया वाढला समजून हॅलोपेरिडॉल देत बसतो. थायामिन कुणाला आठवत नाही. पुढच्या गावचा डॉक्टर तेच कोरे कार्ड बघून लिथियम सुरू करतो आणि पिऊन, उलट्या करून कोरड्या पडलेल्या शरीरात लेव्हल चढत जाते. क्लेम पास झाला म्हणून यातले काहीही टळत नाही. लपवू नका, तारखांसकट लिहा. पहिल्या दिवशी ठरत नसेल तर ‘बायपोलर, मॅनिक एपिसोड, सोबत गांजाचा वापर, कार्यकारणसंबंध निरीक्षणाधीन’ असे स्वच्छ लिहा आणि फॉर्मच्या समासातही तेच उतरवा.

नकार आला तर रुग्णाच्या घरच्यांना गप्प बसू देऊ नका. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मानसिक आजार वगळणाऱ्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कलम २१(४) चीच आठवण करून दिली होती. त्या निकालाची प्रत तक्रारीला जोडा. सोबत तुमचे कालक्रमाने लिहिलेले एक पान हवे. ते मागायला आलेल्या बापाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणू नका.

आयआरडीएआयकडे संघटनेने निवेदन द्यावे असे कार्यकारिणीत ठरून बरेच दिवस झाले. मसुदा अडला आहे, कारण शाखांकडून नकारपत्रेच येत नाहीत. येतात ते फोन आणि संताप. रुग्णाचे नाव, पत्ता आणि पॉलिसी क्रमांक काळ्या शाईने पूर्ण खोडून, नकारपत्र आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स महिनाअखेरपर्यंत संपादकीय पत्त्यावर पाठवा. फोन करू नका, कागद पाठवा.