टिटवीला वाट द्या

२ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले आणि ‘पार्करन’ ही चळवळ सुरू झाली. त्या उद्यानात हरणं मोकळी फिरतात. कळप आडवा आला तर धावणाऱ्यांनीच थांबायचं असतं.

काळेवाडीत पवनेकाठी किंवा निगडीच्या दुर्गा टेकडीवर सुट्टीच्या पहाटे घोळक्यानं धावणाऱ्यांना हरणं नाही, पण मुंगूस भेटतं, टिटवी भेटते. उन्हाळ्यात ती उघड्या खडीवरच अंडी घालते, खड्यांत सहज मिसळून जाणारी. कोणी जवळ गेलं की कर्कश ओरडत थेट डोक्यावर झेपावते. तिला घाबरून हाकलू नये, वळसा घालून पुढं जावं. तिचं तेवढंच मागणं आहे.

कुत्र्यांचं वेगळं. पळणारं माणूस दिसलं की पाठलाग करणं हा त्यांचा स्वभावच. अशा वेळी वेग वाढवू नये. थांबावं, नजरेला नजर देऊ नये, दगड तर मुळीच उचलू नये. चावलंच तर हळद-चुन्याच्या नादी न लागता जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी.

येत्या रविवारी नव्या सोबत्याला बुटांचा सल्ला देण्याआधी हे जरूर सांगा.